मुलांवर ओरडतो आणि मग रात्री झोप लागत नाही: रात्रीच्या वहीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली अडीच वर्षं आम्ही सात-आठ पालक दर रविवारी सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर भेटतो, कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे पण नाशिकमध्ये सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. दोन-तीन राउंड मारायचे, मग कट्ट्यावर बसून आठवडाभर घरात काय काय झालं ते बोलायचं. फी नाही, कोणी गुरू नाही. प्रत्येकाकडे एक वही असते, रात्री त्यात थोडं लिहायचं एवढाच नेम. ओळखीच्या लोकांकडून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी काउन्सेलर नाही, अकाउंटचं काम करते, दोन मुलं आहेत, मोठा चौथीत आणि छोटी बालवाडीत.

ही वही म्हणजे नक्की काय?

मुलं झोपल्यावर दहा मिनिटं बसायचं आणि आज मुलासोबतचा एक प्रसंग लिहायचा, फक्त एक. काय झालं, त्या वेळी माझ्या अंगात काय चाललं होतं, आणि उद्या मला मुलाकडे काय घेऊन जायचंय. बस. वही कुठलीही चालते. माझा भाऊ पिंपळगावला द्राक्ष बागायतदार आहे, त्याला औषध कंपन्यांच्या डायऱ्या दरवर्षी ढिगाने मिळतात, त्यातलीच एक माझी आहे, अर्ध्या पानावर फवारणीचं वेळापत्रक छापलेलं आणि खाली माझं लिखाण.

म्हणजे मेडिटेशनच ना? त्यासाठी विपश्यना करावी लागते का?

नाही. पण हा प्रश्न नाशिकमध्ये येणारच, कारण इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. गोएंका गुरुजींनी १९७६ पासून तिथे कोर्स सुरू केले, दहा दिवसांचं शिबिर असतं, पूर्ण मौन, फोन जमा, आणि फी घेत नाहीत, दानावर चालतं. आमच्या गटातले दोघं जाऊन आलेत आणि दोघांनाही खूप फायदा झाला. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, मुलांसाठी पण तिथे आनापानचे छोटे कोर्स असतात, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात.

पण ज्या बाईचं बाळ आठ महिन्यांचं आहे ती दहा दिवस कुठे जाणार? आणि दहा दिवस शांत बसून आलेल्या माणसाला पण अकराव्या दिवशी सकाळी डबा, दप्तर, व्हॅन हे चुकत नाहीच. मला जे जमलं ते एवढंच, की भांडी घासताना नळ सुरू करायच्या आधी एकदा श्वास पूर्ण सोडायचा आणि खांदे कुठे आहेत ते बघायचं. माझे बहुतेक वेळा कानापर्यंत चढलेले असतात. खांदे वर आहेत हे कळलं की मी आता कोणाशी तरी तुसडेपणाने बोलणार आहे हे पण कळतं, आणि ते दोन सेकंद आधी कळलं तरी पुष्कळ आहे.

वहीत नेमकं लिहायचं काय? मला रडगाणंच सुचतं.

सगळ्यांना आधी तेच सुचतं. मी माझंच एक पान सांगते.

जानेवारी महिना, थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मुलगा तेव्हा दुसरीत होता, व्हॅन सहा चाळीसला येते. मी डबा भरत होते, मटकीची उसळ आणि पोळी, एकीकडे चहा उतू जायला आलेला, आणि त्याचं दप्तर उचललं तर खालून पाणी टपकायला लागलं. बाटली आतच सांडली होती. मराठीची वही, शाळेची डायरी, सगळं चिंब. तेवढ्यात खालून व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न. मी ओरडले, किती वेळा सांगितलं झाकण नीट लावत जा म्हणून, तुला एक गोष्ट धड जमत नाही. तो एक शब्द बोलला नाही. स्वेटरच्या बाहीने वही पुसली, परत आत ठेवली, चेन लावायला गेला तर ती अडकली, ती पण तशीच ओढून लावली आणि जिना उतरून गेला. रोज खालून वर बघून टाटा करतो, त्या दिवशी नाही केला.

रात्री मी लिहिलं, मी वाईट आई आहे, मला मुलं सांभाळता येत नाहीत, माझ्या आईने कधी असं केलं नाही. पानभर. लिहून झाल्यावर आणखीच जड वाटलं. रविवारी हे वाचून दाखवलं तर गटातल्या एक ताई म्हणाल्या, अगं यात तुझं पोरगं कुठे आहे, हे सगळं तर तुझ्याबद्दलच आहे. मला ते फार लागलं, पण खरं होतं. मी स्वतःवर निकाल देत बसले होते आणि ज्याची वही भिजली तो पानावर कुठे नव्हताच.

मग परत लिहिलं. ‘६:३५. दप्तरातून पाणी. त्याने झाकण नीट लावलं नव्हतं. हॉर्न वाजत होता. रात्री छोटीच्या खोकल्यामुळे माझी झोप नव्हती. मी म्हणाले, तुला एक गोष्ट धड जमत नाही. त्याने बाहीने वही पुसली. टाटा केला नाही.’ एवढंच. पहिलं पान वाचून मला फक्त रडू यायचं. हे दुसरं पान वाचल्यावर मला कळलं की काय करायचं आहे ते, ते वाक्य परत घ्यायचं.

म्हणून सांगते, जे डोळ्याने दिसलं आणि कानाने ऐकलं ते लिहा. मी अशीच, तो तसाच, हे नका लिहू.

पण लिहून खरंच काही होतं का, की मनाचं समाधान?

१९८६ साली अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या अवघड गोष्टींबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या असं दिसलं. नंतर त्यावर खूप काम झालं, फायदा प्रत्येकाला सारखा होत नाही हेही कळलं. मला त्यातलं पटतं ते हे, की लिहिल्यावर लगेच बरं वाटलंच पाहिजे असं नाही. तीन दिवस लिहून ‘मला तर जास्तच त्रास होतोय’ म्हणून सोडणारे खूप असतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मात्र काही आठवणी अशा असतात की एकट्याने उघडूच नयेत. लिहिताना धाप लागली, झोप उडाली तर वही बंद करून माणसाशी बोलावं.

मी आज मुलावर ओरडले. आता काय करू?

परत जा. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही आहे, वही वगैरे सगळं त्यासाठीच.

आपल्याला वाटतं चांगले पालक म्हणजे जे ओरडतच नाहीत. असं कोणी नसतं हो. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून एक संशोधक आहेत, १९७० च्या दशकात त्यांनी आई आणि काही महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला, आईने थोडा वेळ चेहरा एकदम कोरा ठेवायचा, हसायचं नाही, प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, हात करतं, मग कासावीस होतं, मान फिरवतं. मग आई परत हसून बोलायला लागते आणि बाळ हळूहळू सावरतं. याच माणसाच्या कामातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली, की अगदी निरोगी, प्रेमळ आई-बाळाचं सुद्धा एकमेकांशी सूर जुळलेले असणं साधारण एक तृतीयांश वेळच असतं. बाकी वेळ चुकतच असतं आणि दोघं मिळून परत जुळवत असतात. म्हणजे सूर चुकणं हा नेहमीचाच भाग आहे, तसंच ठेवून निघून जाणं हा त्रास आहे.

भिजलेल्या दप्तराचं ते दुसरं पान लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शाळेतून आला, चिवडा खात बसला होता. मी शेजारी बसले आणि म्हणाले, त्या दिवशी सकाळी मी तुला म्हणाले ना की तुला एक गोष्ट धड जमत नाही, ते खरं नाहीये. व्हॅन चुकेल म्हणून मला टेन्शन आलं आणि ते मी तुझ्यावर काढलं. तो ‘हं’ म्हणाला आणि खात राहिला. मला वाटलं संपलं. पाच मिनिटांनी वही घेऊन आला, पानं सगळी लाटालाटांची झाली होती, म्हणाला, मम्मी याला इस्त्री केली तर सरळ होईल का? मग आम्ही वर सुती रुमाल टाकून एकेक पान इस्त्री केलं. शाई थोडी पसरली होती पण वाचता येत होतं. अर्धा तास गेला त्यात, मधेच तो शाळेतलं काय काय सांगत होता, ते मी विचारून कधीच सांगितलं नसतं.

माफी मागताना एक सांभाळा. ‘सॉरी, पण तू पण ना’ असं नका म्हणू. ‘पण’ आला की मुलाला फक्त पुढचंच ऐकू येतं. झाकण, दप्तर, शिस्त हे सगळं बोला ना, दुसऱ्या दिवशी, वेगळं. आणि मूल लगेच गळ्यात पडेल अशी अपेक्षा करू नका. त्याला राग धरायचा हक्क आहे, आपल्याला जसा असतो तसाच.

मुलांची माफी मागितली तर ती डोक्यावर बसतील असं घरातली मोठी माणसं म्हणतात.

आमच्याकडे पण हेच झालं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आम्ही पोरं वाढवली ती कुणाची माफी मागून नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही कारण त्यांनी ज्या परिस्थितीत पोरं वाढवलीत, दहा माणसांचा स्वयंपाक, पाणी बाहेरून भरायचं, तिथे मी एक दिवस टिकले नसते.

पण माफी मागणं आणि नियम सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींचा अभ्यास केला, त्यात ज्या घरात माया पण होती आणि नियम पण पक्के होते तिथली मुलं जास्त सावरलेली दिसली. नुसता धाक किंवा नुसते लाड यापेक्षा बरी. आमच्या घरी रात्री नऊला टीव्ही बंद म्हणजे बंद, त्यात सॉरी नाही. पण बंद करताना मी रिमोट हिसकावला असेल तर हिसकावण्याबद्दल सॉरी आहे, टीव्ही तरीही बंदच.

आणि एक सांगू का, सहा महिन्यांनी एका दुपारी भाजी निवडताना सासूबाई आपण होऊन बोलल्या, तुझ्या नवऱ्याला मी एकदा भर उन्हात गच्चीत उभं केलं होतं, दोन रुपये हरवले म्हणून, नंतर ते माझ्याच पदराच्या गाठीत सापडले. त्याला कधी सांगितलंच नाही. मी म्हटलं, आई, आता सांगा की. त्यांनी सांगितलं रात्री जेवताना. नवरा पन्नाशीला आलेला माणूस, ताटावरून उठला आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ चूळ भरत राहिला. बाकी कोणी काही बोललं नाही, पण त्यानंतर सासूबाईंनी मला त्या विषयावर कधी टोकलं नाही.

वेळच मिळत नाही हो.

मग दोन ओळी लिहा. तेही नाही तर आंघोळीला पाणी तापेपर्यंत मनात लिहा.

नवऱ्याला यात आणायचं कसं?

ओढून नाही येत. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणारे बाबा आमच्या गटात आहेत, त्यातल्या एकांची सेकंड शिफ्ट, घरी येतात तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेलेले आणि मुलगी झोपलेली, सकाळी ती जाते तेव्हा हे झोपलेले. आठवड्याने शिफ्ट बदलेपर्यंत भेटच नाही. त्यांनी काय केलं तर वही तिच्या टेबलावरच ठेवली. रात्री आल्यावर ते चार ओळी लिहितात, कंपनीत आज काय झालं, मशीन बंद पडलं, कॅन्टीनला भाजी तीच. सकाळी ती खाली उत्तर लिहून जाते, कधी फक्त एक चित्र. हे आमच्या वहीपेक्षा वेगळंच झालं आणि मला विचाराल तर आमच्यापेक्षा भारी झालं. तुमचे मिस्टर लिहिणाऱ्यातले नसतील तर गाडीवर मागे मुलाला बसवून सोमेश्वरला धबधब्यापर्यंत चक्कर मारू देत, फोन घरी ठेवून. शेजारी बसून समोर बघत मुलगे जितकं बोलतात तितकं तोंडासमोर बसवून बोलत नाहीत.

मुलाचा मोबाइल कसा सोडवायचा?

लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, त्याहून कमी तर चांगलंच. पण वहीच्या बाबतीत मला एवढंच विचारायचंय की तुमचा फोन कुठे असतो? मी एक आठवडा नोंद केली, मुलगा मला काही सांगायला आला तेव्हा माझ्या हातात फोन होता असं किती वेळा झालं. आकडा बघून मी जेवणाच्या वेळी फोन फ्रिजवर ठेवायला लागले. त्याच्याबद्दलचा प्रश्न मग निम्मा राहिला.

मार्कांवरून घरात रोज भांडण होतं, त्याचं काय?

यावर आमच्या गटात सगळ्यात जास्त बोलणं होतं. कॉलेज रोडला संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा मुलांचे चेहरे बघा एकदा, दिवसभर शाळा आणि वर हे. गटातल्या एका आईला मुलीच्या मोज्यांच्या खणात गणिताचे चार पेपर सापडले, घडी घालून मोज्यात घातलेले, सही न घेतलेले. त्या आधी संतापल्या. मग रात्री लिहायला बसल्या, तर लिहिता लिहिता त्यांना आठवलं की त्यांनी स्वतः दहावीला प्रगतिपुस्तक तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, वडिलांच्या भीतीने. त्या म्हणाल्या, ती माझ्याशी खोटं बोलली यापेक्षा ती मला घाबरली हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगितली आणि चारही पेपर घेऊन बसल्या. चुका सगळ्या एकाच जागी होत्या, हातचा घेण्यात. दोन आठवड्यांचं काम होतं, आणि पोरगी वर्षभर ते मोज्यात लपवत होती.

आपण मुलावर जेव्हा जास्त चिडतो ना, तेव्हा बहुतेक वेळा समोर मूल नसतंच, आपलंच जुनं काहीतरी असतं. वहीत हे पंधरा-वीस पानांनी दिसायला लागतं, आधी नाही.

माझा हात उचलला जातो. खूप लाज वाटते, कुणाला सांगू पण शकत नाही.

तुम्ही विचारलंत हे फार मोठं केलंत. शाळेत मुलाला मारायला शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये, बंदी आहे. घरात ती पाटी कोणी लावत नाही, आपणच लावायची. तो क्षण आला की मूल सुरक्षित आहे एवढं बघून दुसऱ्या खोलीत जा, बाथरूमचं दार लावून घ्या, शांत झाल्यावर बाहेर या. मारलं गेलंच तर त्याच दिवशी सांगा की मी मारलं ते चुकलं, तू काहीही केलं असतंस तरी मारणं चूकच होतं.

पण हे वारंवार होत असेल तर वहीवर भागवू नका. झोप नाही, सारखं रडू येतं, बाळ झाल्यापासून काहीच नको वाटतं, असं असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलाला धोका आहे असं वाटलं तर चाइल्डलाइन १०९८. मी स्वतः छोटीच्या वेळी तीन महिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि ते तीन महिने मला परत मिळाले तर मी पहिल्याच दिवशी फोन करेन.

मुलांना पण वही द्यायची का?

त्यांनी मागितली तर द्या. गृहपाठ करू नका त्याचा. मी एकदा बळजबरी केली तर त्याने ‘आज छान दिवस होता’ असं सलग नऊ दिवस लिहिलं. त्यापेक्षा पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला न्या, धाप लागल्यावर मधल्या एखाद्या पायरीवर बसून खाली शहर बघत जे बोलणं निघतं तेच पुष्कळ.

वही मुलाच्या हातात पडली तर?

आमच्याकडे पडली. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला चित्र काढायला कोरा कागद हवा होता, त्याने माझ्या कपाटातून द्राक्षाच्या औषधाची डायरी काढली आणि मी ऑफिसातून आले तर तो गादीवर पालथा पडून वाचत होता. माझ्या पोटात गोळा आला. जानेवारीचं तेच पान उघडं होतं. मला म्हणाला, मम्मी हे चुकीचं लिहिलंय.

काय चुकीचं?

मी झाकण नीट लावलं होतं. ते तुटलेलं होतं ना, कडेला चीर होती, मी तुला आदल्या दिवशी सांगणार होतो पण तू कॉलवर होतीस.

जाऊन बघितलं, बाटली अजून ओट्याखाली पडलेली होती आणि झाकणाला खरंच चीर होती, केसाएवढी. मी ती ओळ खोडली आणि पेन त्याच्याकडे दिलं, त्याने वर लिहिलं, ‘झाकण तुटलं होतं.’ मग संध्याकाळी मेन रोडला जाऊन नवीन बाटली आणली. दुकानात त्याने आधी पाणी भरून मागितलं, झाकण लावून उलटी धरली, बराच वेळ धरली, आणि मग म्हणाला, ही घे.